जिंकलेली केस हरण्यासाठी

आमची नात कायदा शिकते. परीक्षा जवळ आली की ती मोठ्यानं वाचते. तसं केलं की पाठ होतं म्हणे. परवा मी भेंडी चिरत बसले होते आणि ती वाचत होती, "फौजदारी न्यायालयाला रिव्हिजनमध्ये दिलेल्या स्वतःच्याच आदेशाचा फेरविचार करता येतो काय?"

"नाही येत," मी म्हटलं. "एकदा सही झाली की झाली. लिहिण्यातली किंवा हिशेबातली चूक तेवढी सुधारता येते. बाकी न्यायाधीशांना अगदी पश्चात्ताप झाला, तरी त्यांनी तो घरी जाऊन करायचा."

तिनं पानं उलटली, बोट ठेवून काहीतरी वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आजी, हे तुला कुणी सांगितलं?"

"न्यायाधीशांनी. समोरासमोर."

ती म्हणाली, आता कायद्याचं नाव बदललंय, कलमांचे आकडेही बदललेत. मी विचारलं, आणि ते वाक्य? तर ते तसंच आहे. म्हणजे अख्खा कायदा बदलला, पण 'बदलता येणार नाही' एवढं मात्र बदललं नाही. मला बरं वाटलं. त्या वाक्याशी माझी जुनी ओळख आहे.

तेव्हाच्या माझ्याबद्दल मला फारसं चांगलं बोलता येणार नाही. सुनेला विचारलंत तर ती आताच्या माझ्याबद्दलही बोलणार नाही, पण तो विषय वेगळा.

मी पन्नाशीला टेकले होते. माहेर साताऱ्याकडचं, लग्नानंतरची सगळी वर्षं दादरला भाड्याच्या दोन खोल्यांत, आणि मग सानपाड्याला स्वतःचा फ्लॅट, कारण ह्यांची कंपनी महाप्याला गेली. स्वतःच्या फ्लॅटमध्ये आल्यावर माणसाला हक्क नावाची गोष्ट सुचते. मला जरा जास्तच सुचली. लिफ्टमध्ये कुत्रं का, जिन्यात चपला का, गच्चीवर कुणाच्या कुरडया का, प्रत्येक गोष्टीवर माझा अर्ज. सुवाच्य अक्षर, डावीकडे समास, खाली 'आपली विश्वासू' आणि पल्लेदार सही. सोसायटीत मला 'अर्जवाल्या काकू' म्हणतात हे मला उशिरा कळलं. कळल्यावर तो मला गौरव वाटला, यावरून काय ते समजा.

आमच्या बाल्कनीखाली सोसायटीची भिंत आणि भिंतीपलीकडे गावठाण. नवं शहर आखताना शेतं घेतली, मिठागरं घेतली, गावं मात्र जागच्या जागी राहिली. त्यामुळे आम्ही नवे लोक गावाच्या दारात येऊन राहिलो आणि गाव आपल्या दारात आलंय म्हणून कुरकुरायला लागलो.

पलीकडचं पहिलंच घर एका आगरी बाईचं. तीन मजली, गुलाबी, आणि खालच्या पडवीत मसाल्याचा डंक. यंत्राला लावलेली लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर-खाली होतात आणि खालच्या उखळात मिरची कुटली जाते, तो डंक. शिमग्याच्या सुमाराला सुरू व्हायचा तो पावसाळा तोंडावर येईपर्यंत धडधडायचा. बायका भाजलेल्या मिरच्यांचे, धण्यांचे डबे घेऊन नंबर लावून बसायच्या. डंकवाली माझ्याच वयाची. माझ्या लग्नात दोन्हीकडच्या मिळून सगळ्या बायकांच्या अंगावर नव्हतं एवढं सोनं तिच्या एकटीच्या गळ्यात. तोंडाला फडकं बांधून ती डंकाशेजारी बसायची आणि त्या फडक्याआडून अख्ख्या गावाची खबर घ्यायची.

आणि मी वर बाल्कनीत शिंकायची. शिंकेमागून शिंक. वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यांना संध्याकाळी फोडणी दिल्यासारखा वास यायचा.

"खिडकी लावून घे," हे म्हणायचे.

"खिडक्या लावून बसायला फ्लॅट घेतला का आपण?"

"दादरला आपल्याला धड खिडकीच नव्हती. तेव्हा तू कधी शिंकली नाहीस."

ह्यांचं असंच. रागवावं असं काही बोलायचे नाहीत आणि तरी राग यायचा.

मग एका पेपरात मी वाचलं की लोकांच्या आरोग्याला किंवा स्वास्थ्याला बाधा आणणारा कुठलाही धंदा दंडाधिकारी थांबवू शकतात. त्याला सार्वजनिक उपद्रव म्हणतात. मी कात्रण कापलं आणि अर्ज लिहायला बसले. सार्वजनिक म्हणजे कोण, हा प्रश्न मला पडला नाही. मी होते ना.

अर्ज फिरत फिरत कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे पोचला आणि त्यांचा माणूस पाहणीला आला, तो भर आषाढात. बाहेर धो धो पाऊस. डंकावर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर एक कोंबडी पंख फुगवून बसलेली. साहेबांच्या माणसानं छत्रीतूनच पाहिलं, नाकानं दोनदा हवा ओढून घेतली, वहीत काहीतरी टिपलं आणि चहा न घेता गेला. महिन्याभरात उत्तर आलं: पाहणीच्या वेळी कोणताही उपद्रव आढळून आला नाही, सबब अर्ज निकाली.

ह्यांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, "खरंय. कोंबडीचा काय उपद्रव."

मी त्याच आठवड्यात बेलापूरला वकील गाठली. तरुण मुलगी, चष्मा कपाळावर चढवून बोलायची. मी तिला वकीलबाई म्हणायची, ती मला काकू. तिनं सांगितलं की याच्यावर सत्र न्यायालयात रिव्हिजन होते.

"पण काकू, रिव्हिजनमध्ये सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगायची नसते. खालच्यांनी कायद्यात काही चूक केलीय का, एवढंच वरचे बघतात."

"म्हणजे मला तिथं शिंकून दाखवता येणार नाही?"

"नाही."

"मग त्यांना कळणार कसं?"

तिनं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट पाहून घेतलं. पण मुलगी हुशार. मिरचीच्या धंद्याची पाहणी मुसळधार पावसात केली, हीच चूक, असं तिनं लिहून दिलं. ते वाचताना मला वाटलं, आपण उगाच संसारात पडलो. खरी जागा आपली न्यायालयात.

आता डंकवालीला नोटीस जायला हवी होती. ती घेऊन शिपाई आला त्या दिवशी अख्खं गावठाण सुनं होतं. तिच्या दिराच्या मुलीची हळद होती, कामोठ्याला. आगऱ्यांची हळद म्हणजे घरात पाणी द्यायलाही माणूस उरत नाही. माणसं, भांडी, पाळण्यातली पोरं, सगळं टेम्पोत. शिपायानं हाका मारल्या, कडी वाजवली आणि रिवाजाप्रमाणे नोटीस दाराला चिकटवली. कणकेच्या खळीनं.

हे मला पुढे कळलं. तेव्हा मी कपडे काढायला बाल्कनीत गेले होते आणि पाहिलं, तर डंकवालीची शेळी मागचे पाय पायरीवर, पुढचे दाराला लावून उभी, आणि दारावरचा पांढरा कागद ओढून ओढून खात होती. मी ह्यांना हाक मारून दाखवलं.

"निवडणुकीचं पत्रक असणार," हे म्हणाले. "कुणीतरी पहिल्यांदाच शेवटपर्यंत नेलं."

आम्ही दोघं हसलो. माझं आयुष्यातलं सगळ्यात महागात पडलेलं हसू ते.

तारखेला न्यायालयात तिचं नाव पुकारलं. कुणी आलं नाही. साहेबांनी माझ्या बाजूचं ऐकलं, आषाढातली पाहणी त्यांना पटली नाही, आणि हुकूम झाला: खालचा आदेश रद्द, वस्तीला लागून डंक चालवू नये, हंगामाआधी तो तिथून हलवावा. खाली सही, सहीवर शिक्का.

मी पेढे घेऊन सोसायटीत फिरले. बायकांनी पेढे घेतले, पण ते हातातच राहिले. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीण नाहीत का, म्हणजे नाव सोडा, त्या शेवटी म्हणाल्या, "अहो काकू, मग आता मसाला कुठे कुटायचा?"

"तुम्ही तिथे कुटता?"

"सगळेच कुटतात."

"आमचा नाही," मी म्हटलं. आमचा मसाला हे जुईनगरला एका स्वच्छ, फरशी घातलेल्या गिरणीतून आणत. दर वर्षी मी मिरच्या निवडून, देठं काढून, भाजून डबा ह्यांच्या हातात द्यायची आणि हे संध्याकाळी लालभडक मसाला घेऊन यायचे. पाहुण्यांना मी मुद्दाम सांगायची, मसाला बघा, याला म्हणतात स्वच्छता.

घरी आले तर हे खिडकीपाशी उभे.

"जुईनगरची ती गिरणी," मी म्हटलं, "कुठल्या सेक्टरमध्ये आहे हो?"

ह्यांनी हनुवटीनं भिंतीपलीकडे दाखवलं. "जुईनगर लांब पडतं गं."

म्हणजे इतकी वर्षं ज्या डंकानं मी शिंकत होते, त्याचीच आमटी मी भुरकत होते. आणि वर वाखाणत होते.

या धक्क्यातून मी सावरते न सावरते तोच दुसऱ्या दिवशी दारात ती उभी. डंकवाली. भिंतीच्या अलीकडे ती पहिल्यांदाच आली होती. हातात हुकुमाची प्रत.

"ताई, यो कागुद वाचून दे. पोलीस देऊन गेला."

"तुमची मुलं आहेत की शिकलेली."

"पोरांना कंपनीतला येतं. मना कोर्टातला समजनारा मानूस पायजे. सगली बोलतान, सोसायटीतल्या अर्जवाल्या ताईला येतं."

मी तिला बसवलं, चहा टाकला. चहा जितका उकळता येतो तितका उकळला. मग कागद घेतला. पहिल्याच ओळीत अर्जदार म्हणून माझं नाव, नवऱ्याच्या नावासकट, पत्त्यासकट. मी ती ओळ सोडली आणि दुसरीपासून सुरुवात केली.

"वरची लाईन र्‍हायली," ती बशीतून चहा ओढत म्हणाली.

"ती काही महत्त्वाची नाही."

"तुझा नाव हाय त्याच्यात. महत्त्वाचा कसा नाय?" तिनं बशी खाली ठेवली. "मना वाचता येतं, ताई. सातवी पास हाय मी. मना फकस्त बघायचा होता, तू वाचतंस का."

ह्यांनी आतल्या खोलीत वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज केला. फार मोठा आवाज.

"शेत गेला तवा सासऱ्यान आंगठा दिला," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. डंकाशेजारी बसून बोलायची त्याहून हळू. "मिठागर गेला तवा नवऱ्यान सही केली. मना कोनी इचारला नाय. घर पोरांच्या नावान हाय. यो डंक तेवढा माजे नावावर, माज्या बांगड्या मोडून घेतलेला. आता त्याच्यावर पन सही झाली. ती पन मना न इचारता."

"विचारलं होतं," मी म्हटलं. अर्जवाल्या बाईची सवय जाते कुठे. "इथं लिहिलंय बघा. नोटीस दर्शनी भागी, दारास चिकटवली. तरी विरुद्ध पक्षकार गैरहजर."

"कवा?"

मी तारीख वाचली.

"त्या दिशी आमी हलदीला कामोठ्याला. दाराला काय चिकटवला? आमी आयलो तवा दाराला काय नव्हता."

आणि मला ती शेळी दिसली. मागचे पाय पायरीवर, पुढचे दाराला.

"कागद होता," मी म्हटलं. "पांढरा. तुमच्या शेळीनं खाल्ला. मी वरून पाहिलाय."

"म्हनून ती शेली पोट धरून बसली होती," ती म्हणाली. "आमी हलदीच्या भाताला नावा ठेवली."

मग दोघींनाही हसू आलं, आणि दोघींनाही ते यायला नको होतं.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "मी जाते आणि बदलून आणते."

जणू ब्लाऊजपीस होतं.

वकीलबाईनं माझं सगळं ऐकून घेतलं. "काकू, तुम्ही जिंकलाय."

"हो. पण मला नकोय ते."

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, अशी पाटी दुकानात असते ना? तीच पाटी न्यायालयात आहे असं समजा. सही झालेल्या निकालाचा फेरविचार त्याच न्यायालयाला करता येत नाही. मग ती केस असो, अपील असो, नाहीतर रिव्हिजन. दुसरी रिव्हिजनही होत नाही. उच्च न्यायालयात जावं लागेल."

"इथल्या साहेबांना नुसतं सांगितलं तर? भले दिसतात."

"भलेपणाचा प्रश्नच नाही हो."

पण ऐकेल तर ती मी कसली. मला वाटलं, यांना कायदा माहीत आहे, माणसं माहीत नाहीत. मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, डावीकडे समास सोडला, आणि स्वतः उभी राहिले. वकीलबाई माझ्या मागे, ओळख नसल्यासारखी.

साहेबांनी अर्ज वाचला. "रिव्हिजन तुमचीच होती ना?"

"हो साहेब."

"तुमच्या बाजूनं निकाल लागला."

"हो साहेब."

"मग तक्रार काय आहे?"

"माझा विचार बदललाय."

"तुमचा बदलू शकतो," साहेब म्हणाले. "आमचा, सही केल्यानंतर, बदलत नाही. तशी सोय कायद्यानं आम्हाला ठेवलेली नाही."

"ठेवायला हवी होती."

"ठेवली असती तर कालचे हरलेले आज सकाळी सगळे इथं उभे असते. तुमच्यासारखे जिंकलेलेसुद्धा." आणि अर्ज फेटाळला. तिथल्या तिथे.

घरी येऊन मी दोन्ही हातांनी भांडी घासली. असं कसं, मी म्हणत होते, माणसाला मन नसतं का, चूक कळली तर सुधारायची नाही का.

"तुझं कोर्ट वेगळं," हे म्हणाले. "आपल्याकडे पोह्यांचा निकाल लागतो आणि उपमा होतो. देशाचा कारभार असा चालत नाही."

दुसऱ्या दिवशी वकीलबाईचाच फोन आला. तिला रात्रभर शेळी सुचत होती. माझा अर्ज चुकीचा होता, ती म्हणाली; विचार बदला असं न्यायालयाला सांगताच येत नाही. पण ज्याच्याविरुद्ध हुकूम द्यायचा, त्याला आपलं म्हणणं मांडायची संधीच मिळाली नसेल, तर ती गोष्ट वेगळी. "गिऱ्हाईक दुकानात आलंच नाही, काकू, आणि तरी त्याच्या नावानं पावती फाडली. ती पावती रद्द करणं म्हणजे माल परत घेणं नव्हे. फक्त हा अर्ज तुमचा नको. त्यांचा हवा. तुम्ही प्रतिज्ञापत्र द्या." आणि शेवटी, "शपथेवर शेळी लिहू ना?"

"लिहा," मी म्हटलं.

डंकवालीनं वेगळा वकील केला. माझा वकील चालणार नाही हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. शिमगा तोंडावर आला होता. बायका तिच्या पडवीशी येऊन विचारून जात होत्या, सुरू होणार की नाही, आणि ती सांगायची, वरच्या ताईला इचारा. सगळ्या वर बघायच्या. मी तेव्हा कपडे वाळत घालायला बाल्कनीत जायचं सोडलं.

सुनावणीला ती सगळं सोनं घालून आली. पुरावा म्हणून हळदीची पत्रिका. वर देवी, मध्ये तारीख, खाली 'आमच्या आत्याच्या हळदीला यायचं हं' म्हणून घरातल्या सगळ्या पिल्लांची नावं. साहेबांनी ती शेवटपर्यंत वाचली. मग माझं प्रतिज्ञापत्र वाचलं, आणि एका जागी त्यांनी ते पुन्हा वाचलं.

सरकारी वकील उभे राहिले. म्हणाले, आदेशावर सही झालेली आहे, कायदा स्पष्ट आहे, फेरविचार करता येत नाही. मला एकदम त्यांच्याबद्दल माया वाटली. किती दिवस मीही असंच ठणकावून बोलत होते. मग ते माझ्याकडे वळले.

"शेळी जो कागद खात होती तो नोटिशीचा होता, हे तुम्ही वरून वाचलंत का?"

"नाही. मला तो निवडणुकीचा वाटला."

"मग?"

"पण तेव्हा निवडणूक नव्हतीच. हे मला नंतर आठवलं."

कुणीतरी खोकलं. साहेबांनी विचारलं, "शेळीनं तो पूर्ण खाल्ला?"

"मी असेपर्यंत कोपरा राहिला होता, साहेब. मला फोडणी द्यायची होती, मी आत गेले."

साहेबांनी डंकवालीला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय? ती उठली. पदर सारखा केला. एवढ्या वर्षांत तिच्या मालकीच्या कुठल्याही गोष्टीबद्दल तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, हे तिथं फक्त मला माहीत होतं. ती म्हणाली, "मना नोटीस भेटली असती तर मी आली असती. यायला मना येतं."

एवढंच. बसली.

साहेबांनी सांगितलं ते मी नातीला जसंच्या तसं लिहायला दिलंय: हे न्यायालय आपल्या निर्णयाचा फेरविचार करत नाही, तो अधिकार त्याला नाही. पण ज्याला बाधा पोचणार त्याला ऐकून न घेता दिलेला आदेश उभा राहू शकत नाही, आणि तो मागे घेणं म्हणजे फेरविचार करणं नव्हे. आदेश मागे घेण्यात येत आहे. रिव्हिजन पुन्हा ऐकली जाईल.

मी त्याचा पुष्कळ विचार केला. तोच कागद, तीच सही, तेच साहेब. बदलला नाही, मागे घेतला. आयुष्यभर मला माघार घेता आली नव्हती, कारण मी तिला विचार बदलणं समजत होते. नुसता शब्द हवा होता. त्यानंतर मी घरातही तोच वापरते. सून म्हणते, आई, काल तुम्ही नाही म्हणालात. मी म्हणते, मी विचार बदललेला नाही, तुझं ऐकून घ्यायचं राहिलं होतं.

आता उरली माझी रिव्हिजन. मी उभी राहून म्हटलं, साहेब, मी ती काढून घेते. तर तेही जमेना. दाखल करून घेतलेली रिव्हिजन मनात आलं म्हणून उचलून नेता येत नाही, ते म्हणाले, गुणदोषांवरच ठरेल. म्हणजे मला नीट, कायदेशीर, दोन्ही बाजूंनी ऐकून हरायचं होतं. वकीलबाई माझ्या बाजूनं बोलायला उठली, आषाढातल्या पाहणीचा एकच मुद्दा मांडला आणि जितक्या लवकर बसता येईल तितक्या लवकर बसली. साहेबांनी विचारलं, या एका अर्जदार बाई सोडल्या तर वस्तीतल्या आणखी कुणाची तक्रार आहे का? नव्हती. डंकवालीनं लिहून दिलं की सोसायटीच्या अंगाला गोणपाटाचा ओला पडदा लावीन आणि दुपारी डंक बंद ठेवीन. रिव्हिजन फेटाळली. सही. शिक्का.

मी इतकी खुशीत हरले की रिक्षात वकीलबाईला म्हटलं, पेढे घेऊ का. ती म्हणाली, "काकू, प्लीज."

शिमगा झाला आणि डंक सुरू झाला. गोणपाटाचा पडदा पहिल्या दिवशी ओला होता. मग वाळला. मग वाऱ्यानं वर गुंडाळला गेला आणि तसाच राहिला. मी बाल्कनीत उभी राहून अशी शिंकले, की खालच्या बायकांनी माना वर केल्या.

आणि खरं सांगते, त्या क्षणी माझा विचार पुन्हा बदलला. अर्जाचं पहिलं वाक्यसुद्धा तयार झालं. पण आता काही चालणार नव्हतं. या वेळी सगळ्यांना नोटीस मिळाली होती, सगळे हजर होते, सगळ्यांना ऐकलं होतं. शेळीचा काही संबंध नव्हता. माझा पराभव अगदी पक्का झाला होता, फेरविचाराच्या पलीकडचा.

डंकवालीनं तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "अर्ज कर ना, ताई," तिनं खालून हाक दिली. सगळ्या बायका हसल्या, दुसऱ्या मजल्यावरच्यासुद्धा.

मी आत आले, मिरच्यांचा डबा उचलला आणि जिना उतरून, फाटकातून वळसा घालून, पहिल्यांदाच पडवीत गेले. सरळ उखळाशी जाऊन डबा ठेवला.

"नंबर लाव," ती म्हणाली.

"मी तुमच्यासाठी कोर्टात साक्ष दिलीय."

"दिलीस. केस पन तूच केलीस. फिटला." तिनं हातातल्या कालथ्यानं रांगेचं टोक दाखवलं. "तिकडं. शेवटाला."

मी शेवटी जाऊन बसले. बसल्या बसल्या शिंक आली, मग तिच्यामागून दुसरी. तिनं न बघता कमरेचं जादा फडकं काढून माझ्याकडे फेकलं. "बांध तोंडाला. कोर्टात पन बांधून जायची होती."

फडकं बांधून मी वर पाहिलं. आमच्या फ्लॅटच्या खिडक्या एकेक करून हे लावून घेत होते.